दुहेरी कापडाची लाल झेंडी

चाचा,

परवा आपल्या फाटकावर जाऊन आले. आपलं म्हणते, पण फाटक आता नाहीच. दोन्ही बाजूंचे दांडे काढून नेले आणि रस्ता रुळांखालून काढला. पावसाळ्यात त्या भुयारात कमरेइतकं पाणी साचतं, मग वस्तीवरची माणसं मला शिव्या घालतात म्हणे, जसं काही मीच फाटक डोक्यावर घेऊन सांगलीला निघून आले. फाटकवाल्याची गुमटी तेवढी उभी आहे. दाराला कुलूप होतं, पण खिडकीच्या फुटक्या काचेतून आत बघितलं तर कोपऱ्यात तुमच्या स्टोव्हचा काळा डाग तसाच. तुम्ही गेल्यावर त्या भिंतीला मी कितीदा चुना दिला असेल, दरवेळी तो डाग वर यायचाच. बघून बरं वाटलं, आणि मग थोडं रडू आलं, ते मी घरी सांगितलेलं नाही.

गेले होते उतरणारी मालगाडी बघायला. मुलीला सांगितलं, लोणंदला मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. खरं सांगितलं असतं तर तिनं मला डॉक्टरकडे नेलं असतं. तिच्या घराच्या गॅलरीतूनही रूळ दिसतात, पण सांगलीचा मुलूख सपाट, इथं गाडी नुसती येते आणि जाते. तिला कशाची भीती नाही आणि आपल्यालाही तिची नाही. घाटातली गाडी वेगळी. करंजाखाली तुमचा दगड अजून आहे, त्यावर बसले. आधी रूळ बारीक गुणगुणायला लागतात. मग वरच्या वळणावर इंजिन दिसतं, कापलेल्या डोंगराआड जातं, खालच्या वळणावर पुन्हा निघतं, आणि तोंड फाटकाशी आलं तरी शेपूट अजून वरच्या वळणावरच असतं. आता विजेची इंजिनं आलीत, दोन-दोन जोडून, आणि गाड्या आपल्या वेळच्यापेक्षा लांब झाल्यात. किती डबे होते ते विचारू नका. मी मोजले नाहीत, तुमची शपथ. चढणाऱ्या गाडीचं कौतुक सगळ्या जगाला असतं, धापा टाकते, धूर सोडते. उतरणारीला कोण बघतं? लोकांना वाटतं, उतारच आहे, येत असेल घसरत. तुम्ही म्हणायचात, "चढताना विंजान राबतंय, उतरताना बिरीक राबतोय. आन् बिरीक राबायचा थांबला तर ती कुणाच्या बापाला ऐकत न्हाई." परवा ती समोरून गेली तेव्हा मी आपोआप उठून उभी राहिले, सहा पावलं मागे, डावा गाल गाडीकडे. शेवटच्या डब्यातल्या पोरानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं मला हिरवी दाखवली. म्हातारीच्या हातात झेंडी नव्हती, मी पदराचं टोक वर केलं.

तर आज तुम्हाला एक गोष्ट सांगायला बसले आहे. तुम्ही असताना ती सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच राहू दिली. पण ती एकदम सांगता येत नाही, आधीचं सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालासुद्धा ती नीट कळणार नाही.

मी आले तेव्हा कशी होते, आठवतं का? नवरा रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होता, चार दिवसांच्या तापात गेला. त्याच्या जागी मला घेतलं. तीन वर्षांची पोरगी माणमध्ये आईपाशी ठेवून मी पत्र्याची पेटी घेऊन फाटकावर उतरले तेव्हा गँगची माणसं फावड्यावर हात टेकून बघत होती. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईमाणूस फाटक धरणार म्हंजे गाडीवाल्यानं आता शिट्टीच्या जागी पाळण्याचं गाणं म्हणायचं." सगळे हसले. तुम्ही दगडावर बसून तंबाखू मळत होता. मान वर न करता म्हणालात, "तुजी म्हातारी म्हनत हुती त्येच गाणं म्हनू दे की मंग. तुला तरी झोप लागंल." तेव्हाच मी ठरवलं, हा माणूस आपला. तुमची नोकरी तीन महिने उरली होती आणि साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं, हिला तयार करा. तुम्ही "शिकली" म्हणून सही केल्याशिवाय मला एकटीला फाटक मिळणार नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी सांगलीकडून साखरेची गाडी उतरली. तुम्ही म्हणालात, नीट बघ. मी जीव डोळ्यात आणून बघितलं. शेवटचा डबा गेला आणि मी छाती पुढे काढून म्हणाले, "बेचाळीस." तुम्ही विचारलं, "काय बेचाळीस?" म्हटलं, "डबे." तुम्ही झेंडी गुंडाळत इतक्या थंडपणे बोललात की मला आजही लाज वाटते. "माणदेशची हायस न्हवं? शेळ्या मोजाय आलीस व्हय? ती काय कुणाच्या पिकात सुटल्यात, कमी झाल्या तर मालक मारंल? डबं बगू नगं, पोरी. डब्याखाली बग." मला राग आला होता. संध्याकाळी मी तुम्हाला उलट सुनावलं, की चाचा, शेळ्या कुणी नुसत्या मोजत नाही. वाड्यात आल्या की आधी बघायचं कोण रवंथ करत नाही. सगळ्या बसून तोंड हलवत असतात, आणि एक गप्प असते. तीच आजारी. मोजणीत ती पूर्ण भरते, पण सकाळी ती मेलेली असते. तुम्ही मळलेली तंबाखू तोंडात टाकलीत. मग म्हणालात, "आगं मंग येतंय की तुला. म्या काय शिकवू?"

आणि खरंच, तुम्ही मला शिकवलं ते तेवढंच होतं, पण त्याला तीन महिने पुरले नसते इतकं होतं. चढणाऱ्या गाडीचं एखादं चाक धुरावलं तर ते अडकलेलं, कारण चढाला कुणाचाच ब्रेक लागलेला नसतो. उतरणाऱ्या गाडीचं उलटं. घाटभर ब्रेकचे गुटके चाकांना घासत आलेले असतात, सगळीच चाकं तापलेली, सगळ्यांनाच जळक्या लोखंडाचा वास. तिथं धुराला घाबरायचं नाही. तिथं थंड चाक शोधायचं. ज्या डब्याखाली धूर नाही, वास नाही, झळ नाही, त्याचा ब्रेक कामच करत नाही, त्याचं ओझं बाकीच्यांनी धरलेलं आहे. असा एखादा असला तर चालून जातं. लागोपाठ पाच-सहा असले तर ती गाडी गाडीवाल्याची उरत नाही. तुम्ही मला सहा पावलांवर उभं करून माझी हनुवटी धरून मान वळवली होती. "गाल दे तिकडं. डोळं फशीवत्यात. उनाचं, धुळीचं, कशाचंबी सोंग घेत्यात. गाल न्हाई फशीवत." एकेक डबा गेला की गालावर चुलीसमोर बसल्यासारखी झळ यायची, जायची, यायची. आठवड्याभरात मला ती कळायला लागली. तुम्ही तर पुटपुटत उभे असायचा, "गरम, गरम, गरम, जरा कमी, गरम," जपमाळ ओढल्यासारखे.

आणि शेवटचा डबा जवळ आला की माझी परीक्षा. "सांग बगू पोरी, गार्डाच्या हातात काय हाय?" मी ओरडायची, "हिरवी, चाचा!" मग तुम्ही आपली हिरवी वर करायचा. रस्त्यावरून कुणी आलं की, "सांग बगू, कोन आलं? बैलगाडी का टॅक्टर?" फाटक लावताना, "सांग बगू, पल्याडचा दांडा बसला का खोबणीत?" मी मनात म्हणायची, काय खट मास्तर मिळालाय, एक मिनिट सुखानं उभं राहू देत नाही. पंधरा दिवस मी अशी हुशारीनं उत्तरं देत होते. सोळाव्या दिवशी मला ठसका लागला. गार्डाचा डबा समोर आला, तुम्ही विचारलंत आणि मला बोलता येईना. तुम्ही झेंडी अर्धी वर धरून तसेच थांबलात. चेहरा गार्डाकडे होता, पण नजर त्याच्यावर नव्हती, कुठेतरी डोंगराच्या अंगाला होती. तुम्ही हळूच म्हणालात, "आगं बोल की." त्या आवाजात मास्तर नव्हता. मी कसंबसं "हिरवी" म्हटलं आणि तुमचा हात वर गेला.

त्यानंतर मी तुम्हाला बघायला लागले, गाडी बघतात तशी. गुमटीपासून रुळापर्यंत तुम्ही पावलं मोजून चालत होता. कपात चहा ओतताना बोटाचं पेर आत धरत होता. माणसं तुम्हाला आवाजावरून कळत होती, आणि जो गप्प जायचा त्याला तुम्ही "राम राम" घालत नव्हता, मग तो म्हणायचा म्हातारा शिष्ट झालाय. नजरतपासणीत पुढचा माणूस काय वाचतो ते ऐकून तुम्ही तक्ता पाठ म्हटला होता, हे तुम्हीच पुढे मला हसत सांगितलंत. मला तेव्हा हसू आलं नसतं. मला झोप लागत नव्हती. सांगावं तर तुम्हाला महिना-दीड महिना उरलेला असताना कानाला धरून काढतील, एवढ्या वर्षांची तुमची शान एका चिठ्ठीत जाईल, आणि गँगची तीच माणसं फावड्यावर हात टेकून हसतील. न सांगावं तर डोक्यावर घाट, रोज त्यावरून गाड्या उतरणार, आणि खाली रस्त्यावर शाळेची पोरं. त्यात माझी पक्की खात्री कुठं होती? डोळे थोडे अधू असणं वेगळं, आणि अजिबात न दिसणं वेगळं. रंगसुद्धा कळत नसेल का? पण झेंडी तर तुम्ही कधी चुकत नव्हता. दोन्ही झेंड्या काखेत असायच्या आणि हवी तीच तुमच्या हातात यायची.

लाल झेंडी सरकारी नव्हती हे माझ्या लक्षात आलं होतं. चाचीनं ती घरच्या मशीनवर दुहेरी कापडाची शिवली होती, काठाला जाड शिवण. तुम्ही म्हणायचात, घाटाच्या वाऱ्यात साधी झेंडी चार दिवसांत चिंध्या होते. मी ते ऐकून घेतलं होतं.

मग तो दिवस. साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या दिवशी मी गुमटी झाडली, फळीवरचे डबे घासले, हातदिव्याची काच पुसली, आणि तुमची लाल झेंडी धुवून मागच्या तारेवर वाळत घातली. तिच्या जागी स्टेशनातून आलेली कोरी लाल झेंडी हिरवीच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. झेंडी तारेवरच राहिली. दुपारी फोन वाजला, फाटक लावलं, आणि वरच्या वळणावर इंजिन दिसलं. साखरेचीच गाडी, पोत्यांनी भरलेली. आपण दोघं शेजारी उभे आहोत. पुढच्या डब्यांतला एक मला नको इतका धुरावलेला वाटतो, माझा हात तुमच्या कोपराकडे जातो. तुम्ही म्हणता, "ऱ्हाऊ दे, तो बरा हाय." गरम, गरम, गरम. मग तुम्ही एकदम गप्प होता. माझ्या गालावर वारा लागतो, नुसता दुपारचा वारा. एक डबा. दुसरा. तिसरा. चाकाखाली धूर नाही, वास नाही. तुम्ही म्हणता, "गार. गार. आगं, गारच चाललंय सगळं. मोज पोरी, मोज!" आणि ज्या मोजण्यावरून तुम्ही मला शेळ्यांची बाई केलं होतं तेच मी करते. "सात, चाचा. लागोपाठ सात."

तुम्ही काखेत हात घातलात. मला अजून दिसतं, तुमची बोटं दोन्ही कापडांवरून फिरली, एकदा, दोनदा. कपाळावर आठी आली. गार्डाचा डबा पन्नास पावलांवर होता. तुम्ही एक झेंडी ओढली, फडकावली आणि जोरजोरात हलवायला लागलात, थांब, थांब, अशी. ती हिरवी होती. तुम्ही हिरवी झेंडी हलवत "थांबीव" म्हणून ओरडत होता आणि गार्ड आपली हिरवी वर करून हसत होता. मी तुमच्या काखेतून लाल ओढली. झटापट झाली, तुमचा सदरा टर्रकन फाटला. रुळाच्या कडेला धावत मी ती गार्डासमोर धरली, त्याच्या तोंडासमोर म्हटलं तरी चालेल. त्याचं हसू गेलं. तो ब्रेक ओढायला आत वळला. पुढे कितीतरी लांब जाऊन, चाकं किंचाळत, ती गाडी थांबली.

गार्ड आणि गाडीवाला चालत मागे आले. सातही डब्यांच्या ब्रेकच्या चाव्या कुणीतरी बंद करून ठेवलेल्या निघाल्या. गाडीवाला घाम पुसत म्हणाला, घाटात गाडी अंगावर येत होती, मला वाटलं ओझंच जास्त आहे. पुढे स्टेशनात दुसरी गाडी उभी होती. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र साहेब आले. गुमटीसमोर गँग जमली. साहेबांनी विचारलं, ओळखलं कुणी? मी म्हटलं, चाचांनी. ते खरं होतं. झेंडी कुणी दाखवली? मी म्हटलं, चाचांनी. गार्ड तिथंच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, तुमच्या फाटक्या सदऱ्याकडे बघितलं, आणि भला माणूस, तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. साहेबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. पाळण्याच्या गाण्यावाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता.

सगळे गेल्यावर तुम्ही दगडावर बसलात. स्टोव्हवर मी चहा ठेवला होता, तो उतू गेला, तरी दोघंही उठलो नाही. मग तुम्ही विचारलंत, एवढंच, "झेंडी धुतलीस का गं?"

मी म्हटलं, "मळली होती, चाचा."

तुम्ही म्हणालात, "बरं."

उरलेले दिवस आपण तो विषय काढला नाही आणि सगळं नीट केलं. तुम्ही परीक्षा घेणं सोडलंत. मीच न विचारता सांगायला लागले, हिरवी, चाचा. दांडा बसला, चाचा. ट्रॅक्टर, चाचा. शेवटच्या दिवशी चाची आली, मटण आणि भाकरी घेऊन, आणि तुम्ही माझ्या कागदावर सही केलीत. मी बोट ठेवलं, तुम्ही तिथं लिहिलंत. जाताना ती दुहेरी लाल झेंडी माझ्या हातात दिलीत. मी घडी चाचपली. एकदा चाचपल्यावर आंधळ्यालाही कळेल अशी ती होती. तुम्ही म्हणालात, "तुला ह्येची गरज न्हाई. तुजं डोळं हायत. तरी असू दे."

दोन वर्षांनी ईदला मी तुमच्याकडे आले. तुमच्या मुलीनं मिरजेला नेऊन तुमच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला होता, जाड चष्मा आला होता. मी दारात उभी राहून "चाचा" म्हटलं. तुम्ही वर बघितलंत आणि बघतच राहिलात. मग इतक्या मोठ्यानं हसलात की चाची बाहेर आली. "अशी हायस व्हय तू! आगं, आवाजावरनं मला वाटलं हुतं, चांगली धिप्पाड आसंल. ही तर वितभर हाय!" तुम्ही मला पहिल्यांदा बघत होता. मी रडत होते आणि तुम्ही चाचीला सांगत होता, हिला शेवया दे, वितभर हाय पोरगी. त्या दिवशी मी सांगू शकले असते. तुम्ही स्वतःच सगळं उघडं केलं होतं, नजरतपासणीची फजितीसुद्धा. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी दुसरी वाटी शेवया मागितली. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं मला गँगच्या माणसांकडून कळलं. मातीला मी पोचले नाही, फाटकावर माझ्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. ते मला कधी खुपलं नाही. तुम्हीच रागावला असता, फाटक टाकून आलीस म्हणून.

तीस वर्षं मी ते फाटक धरलं, चाचा. एकदाही कुणी बोट दाखवलं नाही. थंड चाकं मी नंतर अनेकदा ओळखली, एखाददुसरी, स्टेशनाला फोन करून सांगितली, आणि फोनवरची माणसं पहिली दोन वर्षं हसायची आणि नंतर हसायची बंद झाली. लाल झेंडी पुन्हा गार्डासमोर धरायची वेळ आली नाही. शेवटच्या वर्षी मला दिव्याभोवती वलयं दिसायला लागली. मी त्याच आठवड्यात स्टेशनावर जाऊन सांगितलं, माझे डोळे तपासा, तोवर मला फाटकावर ठेवू नका. माझ्या जागी पलूसचा एक इंजिनियर झालेला पोरगा आला होता, तो म्हणाला, "मावशी, थोडंच तर उरलंय, गप बसायचं हुतं की." मी त्याला सहा पावलांवर उभं केलं आणि त्याची हनुवटी धरली. डोळे बरे झाले आणि मी परत येऊन माझं फाटक स्वतः बंद केलं. सामानाची यादी करताना स्टेशनवाल्यानं विचारलं, ही तिसरी झेंडी कुठली? म्हटलं, ती घरची आहे.

ती आता माझ्या कपाटात आहे, हे पत्रही तिच्याच घडीत ठेवणार आहे. पाठवायचं कुठं? चाचीही गेली, आणि तुमच्या मुलीला हे वाचायला देण्याची माझी हिंमत नाही. माझी मुलगी कधी कपाट आवरताना वाचेल तर वाचू दे. लोक मला खंबीर म्हणतात आणि मी आहेच, त्यात खोटा विनय नको. पण त्या एका दिवसाचं कौतुक मी कधी ऐकून घेऊ शकले नाही. उतरणाऱ्या साखरेच्या गाडीत माणसं होती, स्टेशनात माणसं होती, रस्त्यावर शाळेची पोरं होती, आणि मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की तुम्हाला रंग दिसतो का. विचारायची लाज वाटली. म्हणून मी ती तारेवर घातली.

ती झेंडी मळली नव्हती, चाचा.